सॉरी, पण कशाबद्दल?

लोकलमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की सॉरी. फोनवर नीट ऐकू आलं नाही की सॉरी. इंग्रजी बोलणारी माणसं तर कुणी गेल्याचं कळल्यावरही हाच शब्द उच्चारतात. तिथे बोलणाऱ्याचा काही दोष नसतो, त्याला फक्त वाईट वाटलेलं असतं. शब्दाचा मूळ अर्थही तोच. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना आणि ‘सारिग’ म्हणजे व्यथित. माफीचा अर्थ नंतर आला.

दुःख आणि दोष असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आल्यामुळे काय घडतं, ते ऑस्ट्रेलियाने अनुभवलं. तिथे साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी धोरणानुसार आदिवासी मुलं आईबापांपासून तोडली गेली आणि संस्थांत, गोऱ्यांच्या घरी वाढवली गेली. १९९७च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने माफीची शिफारस केली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ साली संसदेत खेदाचा ठराव आणला, पण सॉरी म्हणायचं नाकारलं. पूर्वजांच्या कृत्यांचं उत्तर आजच्या पिढीने का द्यावं, हा त्यांचा प्रश्न होता. मे २०००मध्ये सुमारे अडीच लाख माणसं सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून चालत गेली, तेव्हा विमानाने धुराच्या अक्षरांत आकाशात तोच शब्द लिहिला होता. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी तो संसदेत उच्चारला. त्याआधी त्यांनी कोणाच्या कायद्यांनी आणि धोरणांनी हे दुःख दिलं, तेही सांगितलं: लागोपाठच्या संसदांच्या आणि सरकारांच्या.

याच आदिवासींच्या इंग्रजीत मृत्यूनंतरच्या शोकविधींना ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. शब्दातलं दुःख त्यांनी जपलं होतं. सरकारकडून त्यांना हवी होती ती दोषाची कबुली.

मला वाटतं, नुसत्या खेदाला कर्ता नसतो. ‘झालं ते वाईट झालं’ असं कुणीही म्हणू शकतो. ‘हे मी केलं’ म्हणायला मात्र धैर्य लागतं, आणि ज्याच्या हाती सत्ता असते त्याने ते आधी दाखवायला हवं. मग तो पंतप्रधान असो, साहेब असो किंवा घरातला वडीलधारा. मुलांना आपण ‘सॉरी म्हण’ असं शिकवतो. ‘कशाबद्दल, ते सांग’ हेही शिकवायला हवं, आणि त्यांच्याशी आपलं चुकलं तर तसं त्यांना सांगायलाही हवं.