नियम खुले, हक्क कायमचा

परंड्याच्या भुईकोटाचा खंदक, बुरूज आणि तोफा संगणकावरच्या खेळात आणायला इथल्या तरुणाला काय लागेल? प्रोग्रॅमिंग तो शिकेल. मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये इथून विजापूरला गेली, ही कथा त्याच्या गावाचीच आहे. त्याला हवी खेळाची कसाला उतरलेली नियमावली आणि ती वापरण्याचा कुणालाही काढून घेता न येणारा हक्क.

असा हक्क किती मोलाचा असतो, हे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या उदाहरणावरून दिसते. पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायचा हा खेळ १९७४ चा. २००० मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीने त्याचे मूळ नियम खुल्या परवान्याने दिले. त्यांच्या आधारे इतरांनी पुस्तके काढली, सॉफ्टवेअर बनवले. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द करून मोकळीक छापील पुस्तके आणि स्थिर ई-फायलींपुरती ठेवायची, संगणकीय खेळ वगळायचे, असा त्याचा रोख होता. खेळाडू खवळले. त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांची नियमावली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आणली. अटी पाळणाऱ्याकडून हा परवाना परत घेता येत नाही. मुख्य अट मूळ कर्त्याचे श्रेय देण्याची. व्यवसायालाही मुभा आहे.

मग खेळाच्या नियमांना परवाना लागतोच कशाला? कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केले. पण दोहोंमधली सीमा ठरवायला वकील लागतो आणि तो नवशिक्या प्रोग्रॅमरला परवडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तर नियम आज्ञावलीत विणलेले असतात. परवाना गेला, तर वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून परवान्याचे शब्द स्पष्ट हवेत आणि तो कायमचा हवा.

ही नियमावली कंपनीने फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्येही दिली. मराठीत भाषांतर करायला या परवान्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही. राज्य मराठी विकास संस्थेने हे काम हाती घ्यावे आणि तेही त्याच परवान्याखाली खुले करावे. पुरातत्त्व खात्याने किल्ल्यांचे नकाशे आणि छायाचित्रे अशाच अटींवर द्यावीत. जनतेच्या पैशातून तयार झालेले साहित्य वापरायला परंड्याच्या मुलाला कुणाचे उंबरे झिजवावे लागू नयेत.