समुद्र तापला, शिरपूर जैनला काय?
वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. मग समुद्रपातळीच्या संशोधनाशी इथल्या सोयाबीनचा संबंध काय?

दुवा उष्णतेचा. तापलेले पाणी प्रसरण पावते, म्हणून समुद्राची पातळी वाढते. त्याच तापलेल्या अरबी समुद्रातून जास्त बाष्प जमिनीकडे येते. पुण्याच्या ‘आयआयटीएम’मधील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूच्या २०१७च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, एकूण पाऊस मात्र घटला.

म्हणजेच पावसाने सरासरी गाठली, तरी पीक वाचेलच असे नाही. खंडात ओल टिकवणे आणि अतिवृष्टीत निचरा, दोन्ही हवे. रुंद वरंबा-सरी पद्धतीचा उपयोग दोन्हींसाठी होतो.