गुन्ह्याचे मूळ कोठे?

हजीऱ्यास कारखाने आले आणि कामासाठी प्रांतोप्रांतीची माणसे आली. अशा ठिकाणी चोरी झाली, की संशय प्रथम नवागतावर जातो. हे न्याय्य आहे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येकांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले; सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कलंक पुसला. शास्त्रही हेच सांगते. शिकागो शहरातील काही दरिद्री वस्त्यांत रहिवासी बदलत गेले, तरी बालगुन्हेगारी तेथेच टिकली, असे शॉ व मॅके यांनी १९४२ साली दाखविले. दोष रक्ताचा नव्हे. दारिद्र्याचा आणि तुटलेल्या शेजारधर्माचा होय. म्हणून पहारेकऱ्याआधी क्रीडांगण व वाचनालय हवे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थिमित्रहो, नव्या मुलास आपल्या खेळात घेणे, हे तर आपल्याच हाती आहे!