पिझ्झा किती खोल?

'डीप डिश' हा शब्द आपल्याकडच्या मेन्यूकार्डांवर फार स्वस्त झालाय. बेस जरा जाडा केला, वरून चीज ओतलं की झाला डीप डिश! नंदुरबारहून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या मंडळींना सुट्टीत घरी गेल्यावर हमखास प्रश्न पडतो, तिकडे डीप डिश कुठे मिळेल? प्रश्न उलटा विचारायला हवा, बॉस. इकडे तरी कुठे मिळतो?

आधी मूळ पत्ता बघू. शिकागोत १९४३ साली आईक सेवेल आणि रिक रिकार्डो या दोघांनी 'पिझेरिया उनो' काढलं, तिथे हा प्रकार जन्मला. नेमका कुठल्या आचाऱ्याच्या डोक्यातून निघाला, यावर शिकागोकर अजून भांडतात. केकच्या टिनसारखं उंच काठाचं भांडं घ्यायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि पीठ बोटांनी दाबत काठापर्यंत चढवायचं. मग सगळं उलटं. तळाला चीज, त्यावर भाज्या नाहीतर सॉसेज आणि सगळ्यात वर टोमॅटो! हा काही स्टाइल मारायचा प्रकार नाही. हा पिझ्झा ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास बसतो. तेवढा वेळ चीज वर राहिलं तर जळून कोळसा होईल. म्हणून ते खाली लपवायचं आणि टोमॅटोला छत्री करायची.

म्हणजे खोली असते ती सारणाची, पावाची नाही. कडा खुसखुशीत, जवळपास खारीसारखी लागायला हवी. आपण ज्याला डीप डिश समजून खातो तो बहुतेक वेळा पॅन पिझ्झा असतो. पिझ्झा हटनं तो १९८० मध्ये अमेरिकेत आणला. तेलात भाजलेला जाड, फुगीर पाव आणि वर पातळसं टॉपिंग. चवीला झकास, वाद नाही. पण डीप डिशशी त्याचं नातं आडनावापुरतंच. 'चीज बर्स्ट'चं तर तेवढंही नाही. दोन थरांमध्ये पातळ चीज भरलं म्हणून कुणी शिकागोकर होत नाही.

मग खरा माल आपल्याकडे का येत नाही? माझं मत विचाराल तर दोष घड्याळाचा. डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोघंही भारतात १९९६ मध्ये आले आणि पुढे 'तीस मिनिटांत नाहीतर फुकट'वर आपली आख्खी पिढी वाढली. (खुद्द अमेरिकेत डॉमिनोजनं ही हमी १९९३ मध्येच गुंडाळली होती, बरं का!) जो पदार्थ भट्टीतून बाहेर यायलाच चाळीस मिनिटं घेतो, तो या शर्यतीत उतरणार कसा? डिलिव्हरीवाला दारात उभा आणि पिझ्झा अजून कच्चा!

गंमत म्हणजे शिकागोकर स्वतःही रोज डीप डिश खात नाहीत. तो पाहुणे आल्यावरचा बेत. एरवी त्यांचा असतो पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा. न्यूयॉर्कवाल्यांचा भलामोठा त्रिकोण दुमडून चालता चालता खायचा. डेट्रॉइटमध्ये १९४६ पासून मोटार कारखान्यांतल्या लोखंडी ट्रेमध्ये पिझ्झा भाजू लागले, म्हणून तो चौकोनी आणि कडेला चीज खरपूस. आणि नेपल्सचा? ४८० अंशांच्या आसपासच्या लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटात तयार. तो बनवणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोनं २०१७ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं.

एवढ्या लांब कशाला? नवापूर स्टेशनवर उतरा. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एक बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं आहे. पिझ्झाचीही तशीच सरहद्द आखता येईल. पलीकडचा गुजराती पिझ्झा म्हणजे गोडसर सॉस, कडक बेस आणि वर न वितळवता किसलेल्या प्रोसेस्ड चीजचा ढीग. अहमदाबादच्या जसुबेनचा पिझ्झा याच थाटानं प्रसिद्ध झाला. घरोघरचा भाखरी पिझ्झा हा त्याचाच भाऊ. (ही भाखरी गव्हाची आणि खुटखुटीत, आपली भाकरी नव्हे.) अलीकडे आपला गाडीवरचा तवा पिझ्झा. बेकरीतला तयार बेस, केचप, कांदा, सिमला मिरची, झाकण ठेवून पाच मिनिटं. नाकं मुरडू नका. नेपल्सवाला बेशुद्ध पडेल, पण तोही एक प्रांतीय पिझ्झाच आहे आणि त्याचे चाहते पक्के आहेत.

खरं तर जाड की पातळ हा वाद खानदेशला नवा नाही. पुण्याची पुरणपोळी लाटून तव्यावर जाते, खानदेशातला मांडा हातांवर कोपरापर्यंत ताणून चुलीवरच्या उपड्या खापरावर पडतो. ते ताणणं बघितलेल्या माणसाला पिझ्झा हवेत उडवणारा इटालियन काय कौतुकाचा वाटणार?

तेव्हा नंदुरबारात डीप डिश हवा असेल तर तो घरीच करायचा आणि तो पुण्यातल्या बहुतेक 'डीप डिश'पेक्षा अस्सल होईल. ९ इंची केकचा टिन आणि ओटीजी एवढं पुरे. तीन वाट्या मैदा, पाव वाटी मक्याचं पीठ (सातपुड्याच्या पायथ्याशी ते शोधावं लागत नाही), चमचाभर यीस्ट, मीठ, पाव वाटी तेल, कोमट पाणी. फार मळायचं नाही. पोळीसारखं मळत बसलात तर खुसखुशीतपणा गेला. दीड तास झाकून ठेवा, मग टिनमध्ये दाबून काठ दीड इंच वर चढवा. तळाला पाव किलो मोझरेलाचे काप. त्यावर सारण. इथे लोक हमखास फसतात, कारण कच्च्या भाज्या पाणी सोडतात आणि तळ भिजतो. सिमला मिरची, मशरूम आधी परतून कोरडे करा. किंवा सरळ वांग्याचं भरीत घाला. भाजलेलं वांगं, लसूण, शेंगदाणे, सगळं तयारच आणि पाणी जवळपास नाही. शिकागोला हे सुचलं नाही, त्यांचं नुकसान.

वर चुरलेले टोमॅटो, तेही चाळणीत निथळून, शिजवायचे नाहीत. चिली फ्लेक्सची पुडी फेकून द्या. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, त्यातली मूठभर घरी भरड कुटून टोमॅटोत मिसळा. २२० अंशांवर, खालच्या रॅकवर, ३० ते ३५ मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर सारण ताटभर वाहील. मग सुरी-काटा घ्या आणि दोन तुकड्यांवर थांबा. तिसरा कुणालाच जात नाही.