क्लिनिंग केलं की दात हलतात म्हणे!

"दात क्लीन-बिन करू नकोस हं, एकदा केले की हलायला लागतात." हा सल्ला देणारी आत्या नाहीतर काका आपल्याकडे घरोघरी असतात. माझं मत विचाराल तर या एका वाक्यापायी लोकांचे कितीतरी दात फुकट गेले असतील.

आता यात खरं किती ते बघू. दातांवरचा चिकट थर रोज नीट निघाला नाही की लाळेतल्या क्षारांमुळे तो कडक होतो. हे कीटण ब्रशने निघत नाही. त्यावर जंतू साठतात, हिरड्या सुजतात आणि आतल्या आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. गंमत म्हणजे हे सगळं बहुधा न दुखता चालतं! डॉक्टर कीटण काढतात, सूज उतरते, फटी दिसू लागतात आणि कीटणाच्या आधारावर उभा असलेला दात हलतो. हाड आधीच गेलेलं असतं. बग जुनाच, टेस्टिंगमध्ये सापडला इतकंच. त्यासाठी टेस्टरला शिव्या कशाला?

दुसरी समजूत, रक्त येतंय तर तिथे ब्रश लावायचा नाही. नेमकं उलटं हवं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात जवळपास पूर्ववत! म्हणजे या पायरीवर आजार पूर्ण बरा होतो. गेलेलं हाड मात्र आपोआप परत येत नाही.

आणि तिसरी, मशेरीने हिरड्या घट्ट होतात. अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रणच ते. सिगरेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार मात्र जास्त असतो, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. वॉर्निंग बंद केली म्हणून प्रोग्राम सुधारत नाही.

थोडक्यात काय, तर मऊ ब्रशने दोन वेळा, हिरडीच्या कडेपर्यंत, हलक्या हाताने घासा. दातांच्या फटींतून रोज एकदा फ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवा. आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. घरात कुणाला डायबेटिस असेल तर तेवढीही वाट बघू नका. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

आत्याला उलट उत्तर देऊ नये हे मान्य. पण तिलाच सोबत घेऊन डॉक्टरकडे जायला काय हरकत आहे?