कचरा आपला, दुर्गंधी कोणाची?

पुण्यातील कोथरूडच्या कचरा डेपोची आठवण आता जुन्या रहिवाशांनाच उरली असेल. एकेकाळी साऱ्या शहराचा कचरा तेथे येऊन पडत असे. पुढे कोथरूड वाढले, शेतांच्या जागी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, सुशिक्षित मध्यमवर्ग तेथे स्थिरावला आणि दुर्गंधीविरुद्ध त्याने केलेली तक्रार रास्तच ठरली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी शहराच्या कचरागाड्या पूर्वेकडे, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या दिशेने वळल्या. कोथरूडच्या त्या जागेवर आता मेट्रोचे आगार दिमाखात उभे आहे. कोथरूडने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याची किंमत मात्र फुरसुंगीच्या विहिरींनी मोजली. ज्या गावांच्या शिवारात पिके डोलत होती, तेथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले, विहिरींचे पाणी नासले आणि पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहण्याची वेळ ग्रामस्थांवर आली.

वस्तीजवळ कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प प्रस्तावित झाला की महाराष्ट्रातील प्रत्येक शहरात आता एकच दृश्य दिसते. प्रस्तावाची कुणकुण लागते, सोसायट्यांच्या बैठका होतात, चौकात विरोधाचे फलक झळकतात, सह्यांची मोहीम निघते आणि सर्व पक्षांचे स्थानिक पुढारी एका रात्रीत एकमताने नागरिकांच्या पाठीशी उभे राहतात. अशा वेळी या नागरिकांना स्वार्थी ठरवून मोकळे होणे सोपे असते. त्यांच्या सुरात सूर मिसळून 'प्रकल्प हवा, पण येथे नको' असे म्हणणे तर त्याहून सोपे असते. वास्तविक पाहता या दोन्ही भूमिकांनी कचऱ्याचा एक कणही कमी होत नाही.

नागरिकांची भीती काल्पनिक नाही, हे सर्वप्रथम मान्य केले पाहिजे. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन घर घेतले, त्याच्या खिडकीसमोर कचऱ्याच्या गाड्यांची रांग लागणार असेल, तर त्याच्या पोटात गोळा येणारच. घरात म्हातारे आईवडील असतात, दम्याने बेजार झालेले मूल असते. प्रशासन ज्याला 'शास्त्रशुद्ध प्रक्रिया प्रकल्प' म्हणते, त्याचा काही वर्षांनी उकिरडा झालेला या नागरिकाने पाहिलेला असतो. केरळची राजधानी तिरुवनंतपुरमलगतच्या विळप्पिलशाला येथे २००० साली प्रकल्प सुरू झाला, तो आधुनिक म्हणूनच. तेथील ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी आणि दूषित पाणी सोसले. अखेर २०११ च्या डिसेंबरात त्याला टाळे लागले आणि पुढे पोलीस बंदोबस्तातही तो उघडणे शासनाला जमले नाही. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळच्या ब्रह्मपुरम येथील प्लास्टिकचे ढीग पेटले आणि कित्येक दिवस त्या शहरावर विषारी धूर पसरला. मुंबईत देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर कोणी विसरलेले नाही. या साऱ्या घटना डोळ्यांसमोर असताना केवळ अधिकाऱ्याच्या आश्वासनावर नागरिकाने विसंबून राहावे, अशी अपेक्षा करणे हाच मोठा अन्याय आहे.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजूही तितक्याच सचोटीने पाहिली पाहिजे. पुण्याच्याच पश्चिम भागात बाणेर येथे ओल्या कचऱ्यावर प्राथमिक प्रक्रिया करणारा प्रकल्प उभा राहिला. येथे हॉटेलांचे उरलेसुरले अन्न आणि ओला कचरा यांचा लगदा करून तो तळेगावच्या बाजूला जैववायू तयार करण्यासाठी पाठविला जात असे. परिसरातील रहिवाशांनी दुर्गंधीची तक्रार केली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये लवादाने प्रकल्प बंद करून अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ही जागा २००२ सालच्या विकास आराखड्यातच या कामासाठी दाखविलेली होती आणि निवासी इमारती नंतर आल्या, ही बाब न्यायालयाने लक्षात घेतली. प्रकल्प बंद झाला तर पश्चिमेचा ओला कचरा शहर ओलांडून पूर्वेकडे न्यावा लागेल आणि वाटेत सर्वत्र दुर्गंधी पसरेल, हा मुद्दाही न्यायालयाने ग्राह्य धरला. मात्र नागरिकांना वाऱ्यावर सोडून न्यायालय थांबले नाही. 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेकडून वर्षातून दोन वेळा प्रकल्पाचे पर्यावरणीय परीक्षण व्हावे आणि भोवती दाट वृक्षराजी उभी राहावी, असे निर्देशही त्याने दिले.

या निकालातील मर्म महत्त्वाचे आहे. पश्चिमेला नको म्हणून पूर्वेला, शहराला नको म्हणून गावाला, हा कचऱ्याचा प्रवास थांबविण्याची आता वेळ आली आहे. कोथरूडने जो कचरा तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पुढे ढकलला, तोच बाणेरने पुन्हा पुढे ढकलावा, याला उपाय म्हणता येणार नाही. ज्यांच्याकडे वकील आहेत, वृत्तपत्रांतील ओळखी आहेत आणि आंदोलनासाठी वेळ आहे, त्यांच्या दारातून कचरा उचलायचा आणि ज्यांच्याकडे यापैकी काहीच नाही त्यांच्या दारात टाकायचा, ही नागरी व्यवस्था नव्हे. ती बळी तो कान पिळी या न्यायाची सभ्य आवृत्ती आहे. आणि दुबळे मानलेले गाव जेव्हा उभे ठाकते तेव्हा काय होते, हे छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादने, २०१८ साली अनुभवले आहे.

तीन दशकांहून अधिक काळ त्या शहराचा कचरा नारेगाव येथे पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. पाहता पाहता शहराच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. पर्यायी जागा शोधण्यासाठी महापालिकेच्या गाड्या शहराच्या चहूदिशांना फिरल्या आणि प्रत्येक दिशेने त्यांना परत पाठविण्यात आले. ७ मार्च रोजी मिटमिटा येथे दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. त्या प्रकरणात पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. पण बदलीने कचरा हलत नसतो. शेवटी चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल अशा शहराच्या निरनिराळ्या भागांत प्रक्रिया प्रकल्प उभारण्याचाच मार्ग धरावा लागला. तीस वर्षांत जे सामंजस्याने करता आले असते, ते नामुष्कीनंतर करावे लागले.

मग वस्तीजवळचा प्रकल्प सुसह्य होऊ शकतो का? होऊ शकतो, पण त्यासाठी दुर्गंधीचे कारण समजून घ्यावे लागेल. ओला कचरा मुळात घाण नसतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न हे सारे मातीतून आलेले असते आणि मातीत परत जाऊ शकते. तो हवाबंद अवस्थेत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून, दोन-दोन दिवस साचून राहिला की कुजू लागतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि काळे विषारी पाणी झिरपू लागते. त्याच ढिगात प्लास्टिक, औषधांच्या बाटल्या, डायपर आणि विजेऱ्या मिसळल्या की त्याचे खतही होत नाही आणि सुक्या कचऱ्याचा पुनर्वापरही होत नाही. थोडक्यात, दुर्गंधी प्रकल्पात जन्माला येत नाही. ती बहुधा घरातल्या एकाच डब्यात जन्माला येते आणि प्रकल्पात फक्त उघडी पडते.

हे वाक्य सुशिक्षित कुटुंबांना कदाचित झोंबेल. पण त्याला इलाज नाही. २०१६ साली केंद्र शासनाच्या नियमांनी कचऱ्याचे घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले. पुणे महापालिकेने गांडूळखत करणाऱ्या सोसायट्यांना मिळकतकरात सवलत ठेवली. यातील किती सोसायट्यांचे खड्डे खरोखर चालू आहेत आणि किती केवळ सवलतीच्या कागदावर आहेत, याचा शोध प्रत्येकाने आपल्याच इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन घ्यावा. प्रकल्पविरोधी निवेदनावर सही करणारा हात सकाळी ओला आणि सुका कचरा एकाच पिशवीत कोंबत असेल, तर त्या सहीला नैतिक बळ कोठून येणार? पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतील कचरावेचक भगिनी वर्षानुवर्षे दारोदार जाऊन सुका कचरा हाताने वेगळा करीत आल्या आहेत. ज्या वासाची कल्पनाही सोसायटीला असह्य होते, त्या वासात या भगिनींचा सारा दिवस जातो. समरसतेचा विचार व्यासपीठावरून मांडणाऱ्या समाजाने निदान त्यांच्या हाती निवडलेला कचरा द्यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणि हे अशक्य आहे असेही नाही. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कार्यकाळात घराघरांतून वर्गीकरणाची शिस्त लावली. ओल्या कचऱ्यापासून जैववायू तयार झाला, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांसाठी वापरले गेले आणि जेथे नाक दाबून जावे लागे, त्या जुन्या डेपोची जागा लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. लहान गाव म्हणून हे जमले असे म्हणावे, तर इंदूरचे उदाहरण समोर आहे. तेथे देवगुराडियाच्या जुन्या क्षेपणभूमीवरील लाखो टन कचरा हटविण्यात आला आणि त्याच परिसरात फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करू शकणारा प्रकल्प सुरू झाला. तेथे यंत्रे आली ती नंतर. त्याआधी घराघरांत वेगळे डबे आले. हा क्रम उलटा केला की कोट्यवधींची यंत्रे गंजतात आणि उकिरडा तेवढा उरतो.

म्हणूनच नागरिकांचा विरोध मोडून काढणे हा मार्ग नव्हे, तसेच प्रत्येक प्रकल्प उधळून लावणे हाही मार्ग नव्हे. विरोधाचे रूपांतर अटींमध्ये झाले पाहिजे. प्रकल्पाची छप्पर असलेली इमारत पूर्ण बंदिस्त असावी. आतील हवा पंख्यांनी ओढून जैविक गाळणीतून बाहेर सोडावी. गाड्या झाकलेल्या असाव्यात आणि झिरपणाऱ्या पाण्यासाठी स्वतंत्र टाकी असावी. आलेला ओला कचरा त्याच दिवशी प्रक्रियेत जावा. सुक्या कचऱ्याच्या साठ्याला मर्यादा आणि आगीपासून संरक्षण असावे. हवेच्या आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा प्रवेशद्वारावर लावावेत. स्थानिक रहिवाशांच्या समितीला केव्हाही आत जाऊन पाहण्याचा अधिकार असावा आणि अटी मोडल्यास ठेकेदाराला दंड व ठरावीक मुदतीनंतर कंत्राट रद्द, हे करारातच लिहिलेले असावे. प्रक्रियाकेंद्राभोवती मोकळा पट्टा सोडण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत होती. तरीही विकास आराखड्यातील अशा जागांना खेटून बांधकाम परवानग्या दिल्या गेल्या असतील, तर त्या कोणी आणि कोणासाठी दिल्या, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. घर विकताना शेजारच्या आरक्षणाविषयी मौन पाळणारा बांधकाम व्यावसायिक आणि डोळे मिटून परवानगी देणारा अधिकारी हे दोघेही या दुर्गंधीतील भागीदार आहेत. त्यांचे पाप रहिवाशाच्या माथी मारता येणार नाही.

प्रशासनाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विश्वास निविदा काढून मिळत नसतो. फुरसुंगी आणि नारेगाव येथील लोकांना वर्षानुवर्षे 'आता शेवटचे वर्ष' असे सांगितले गेले. म्हणून आज बाणेरचा किंवा अन्य कोणत्याही वस्तीचा नागरिक अधिकाऱ्याचे पहिले वाक्यही ऐकून घेत नाही. जुन्या डेपोंवरील कचरा आधी हटवावा, तेथील पाणी आणि जमीन पूर्ववत करण्याचे काम दाखवावे, मग नव्या वस्तीत प्रस्ताव घेऊन जावे. दिलेला शब्द पाळल्याचे एक उदाहरण शंभर सादरीकरणांहून प्रभावी ठरेल.

राहता राहिला समाजाचा वाटा. महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा परदेशातून आणावा लागलेला नाही. गाडगेबाबा गावात पाऊल टाकताच हाती खराटा घेत आणि गाव झाडून झाल्यावरच कीर्तनाला उभे राहत. सेनापती बापटांसारखा प्रखर देशभक्त रस्ता झाडण्यात कमीपणा मानीत नसे. त्या दोघांनी कचरा शेजारच्या आळीत लोटला नाही. त्यांच्या प्रतिमांना हार घालणाऱ्या समाजाने आपल्या प्रभागाचा कचरा आपल्याच प्रभागात जिरविण्याचा निश्चय केला, तर वस्तीजवळच्या छोट्या, नीटनेटक्या प्रकल्पाची भीती उरणार नाही. त्याची सुरुवात महापालिकेच्या सभागृहात होणार नाही. ती उद्या सकाळी स्वयंपाकघरातील ओट्याखाली, दोन वेगळ्या डब्यांपासून होईल. ती झाली नाही, तर कोथरूडहून निघालेली कचऱ्याची गाडी अशीच गावोगाव फिरत राहील आणि एक दिवस वळून पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात येऊन उभी राहील.