किल्ला कुणाचा?

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अभिनंदनाचे फलक लागले, आनंद आम्हालाही झाला. पण वर्षभर एका प्रश्नाने डोकं उठवलं आहे. गडाचा विषय निघाला की पहिला सवाल ठरलेला : किल्ला कुणाचा? ‘आपला’ म्हटलं की जयघोष, ‘त्यांचा’ म्हटलं की पाठ. पुढचं ऐकायला कुणाला सवड नाही.

अशा मंडळींना एकदा गोव्यातल्या तेरेखोलला न्यावं. केरीहून फेरीबोटीत बसलं की पलीकडच्या टेकाडावर हा लहानसा कोट दिसतो. सगळा गोवा तेरेखोल नदीच्या दक्षिणेला, हा एकटाच उत्तर तीरावर, सिंधुदुर्ग जिल्ह्याला चिकटून. सतराव्या शतकात तो बांधला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी. हे सावंत तरी कायमचे कुणाचे? कधी मराठ्यांबरोबर, कधी पोर्तुगीजांशी तह करून. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी कोट घेतला. 1835 मध्ये बेर्नार्दो पेरेस द सिल्वा यांना लष्कराने पदावरून हुसकावलं. गोव्यात जन्मून गोव्याच्या सर्वोच्च पदावर बसलेले हे पहिलेच. तेरेखोलची शिबंदी त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि तिची कत्तल केली ती पोर्तुगीज फौजेनेच. 15 ऑगस्ट 1954 रोजी गोवेकर सत्याग्रहींनी याच कोटावर तिरंगा चढवला, तेव्हा तुकडीचे पुढारी होते आल्फ्रेड अफोन्सो. लगोलग धरपकड झाली. नावावरून बाजू ओळखणाऱ्यांनी आता सांगावं, यातलं ‘आपलं’ कोण?

गोवा मुक्त झाल्यावर पुढे इथे हॉटेल थाटलं. खोल्यांना वारांची नावं दिली. कुणाचा मुक्काम सोमवारात, कुणाचा शुक्रवारात असे. सेंट अँथनीचं चर्च मात्र जागच्या जागी. पाहुणे तटावरून समुद्राचे फोटो काढतात आणि शिबंदीची चौकशी न करता परततात. खटकतं, पण निदान ते निवाडा तरी देत नाहीत.

‘सीमा’ हे आमच्या या दिवाळी अंकाचं सूत्र. सीमेवरच्या किल्ल्याचा सातबारा काढायला जाल तर फेरफारच फेरफार निघतील. ते वगळून उरतो तो फलक, इतिहास नाही.

दारोदारी आता पोरं मातीचे किल्ले करतील. कौतुक करा, आणि त्या गडावर काय काय घडलं तेही विचारा. उत्तर एका वाक्यात आलं, तर मान्य करू नका.

शुभ दीपावली!